फणस, रातांबे, तवसं: आगरातलं सगळं एकदम येतं तेव्हा स्वयंपाक कसा करता?

आगरातली | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं पुण्यात काढून दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं गुहागरच्या बाजूला सासरच्या घरी राहायला आलो. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्या इथेच होत्या. घरामागे आगर आहे: नारळ, पोफळी, चार हापूसची कलमं, दोन रायवळ, तीन फणस (दोन कापे, एक बरका), दोन रातांबे (कोकम) आणि विहिरीजवळ थोडी भाजीची जागा.

पहिल्या वर्षी मी पुण्याच्याच सवयीने स्वयंपाक करत होते. आज काय करायचं ते आधी ठरवायचं आणि मग ते आणायचं. इथे दुकान लांब आणि फळं दारात, त्यामुळे सगळं उलट झालं. मे महिन्यात बरक्या फणसाखाली सडा पडायचा, माश्या घोंगावायच्या, आणि मी मात्र बाजारातून फ्लॉवर आणून त्याची भाजी करत होते. त्या वर्षी किती फणस गुरांपुढे गेले ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

यंदा सासूबाईंना पडवीत बसवून विचारत गेले आणि वहीत लिहून काढलं. त्या म्हणतात, आधी फळाचं वय बघ आणि मग काय रांधायचं ते ठरव. फणसाचं त्यांनी असं सांगितलं. जानेवारी-फेब्रुवारीत मुठीएवढी किंवा थोडी मोठी झाली की ती कुयरी. तिची भाजी, ठेचून, भरपूर ओलं खोबरं घालून. मार्च-एप्रिलमध्ये गरा धरला पण पिकला नाही, तेव्हा कच्च्या गऱ्यांची भाजी आणि तळलेले गरे. मेमध्ये पिकला की कापा खायला आणि बरका रसाला. आणि पावसात आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया. एकाच झाडाचं सहा-सात महिने जेवण होतं, फक्त झाडाकडे दर आठवड्याला बघायला हवं.

आता माझे प्रश्न. बरका भराभर पिकतोय, आज पाच फळं उतरवली. सांदणं (फणसाच्या रसाच्या उकडलेल्या गोड इडल्या) सोडून आणखी काय करू? आठळ्या पावसात टिकवायच्या कशा? आणि दोन रातांब्यांपैकी एकाला दहा वर्षांत एकही फळ नाही, त्याचं काय करावं? तुमच्या परसातलं, बाल्कनीतलं, शेतातलं जे येतं त्याचं तुम्ही काय करता तेही लिहा. मला हे शिकायचंय.

---

तिरफळ | १२ मे, रात्री १०:१५

ताई, कुडाळहून लिहितेय. आमच्याकडे सांदणांशिवाय मे जातच नाही, पण ती बहुतेकांची चिकट होतात म्हणून आधी तेच सांगते. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून जाडसर रवा काढायचा. तो कोरडाच मंद आचेवर भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही. दोन वाट्या रव्याला दोन वाट्या बरक्याचा रस, अर्धी ते पाऊण वाटी गूळ (रस किती गोड आहे ते चाखून), वाटीभर नारळाचं दूध, चिमूटभर मीठ. एक तास झाकून ठेवायचं. रवा फुगून मिश्रण घट्ट झालं तर परत नारळाचं दूध घालायचं, पाणी नको. वाट्यांना तूप लावून पंधरा-वीस मिनिटं उकडायचं. रस चाळणीवर घासून काढा, मिक्सरमध्ये फिरवला की धागे तुटून रसात राहतात आणि सांदण घशाला लागतं.

उरलेल्या रसाची साठं घाला. स्टीलच्या ताटाला तुपाचा हात लावून पातळ थर द्यायचा, उन्हात सुकला की त्यावर दुसरा. चार-पाच थर झाले की सोडवून घडी घालायची. यंदा ऊन चांगलं आहे, पण सात जूनला मृग लागतो. त्याच्या आत सगळं आवरायचं.

---

मातीचे_हात | १३ मे, सकाळी ७:०५

दापोलीला शिकलो, आता स्वतःची रोपवाटिका आहे, म्हणून रातांब्याबद्दल लिहितो. कोकमात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. बीपासून लावलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं पहिल्यांदा फुलं आल्यावर, म्हणजे पाच-सात वर्षांनी. तुमचं दुसरं झाड बहुधा नर आहे. तोडायची घाई करू नका, परागकण तेच देतं. नवीन लावणार असाल तर मादी झाडाच्या काडीचं कलम घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या दोन जाती घरगुती लागवडीलाही चांगल्या आहेत.

आठळ्या: गरा पूर्ण काढून धुऊन सावलीत दोन दिवस कोरड्या करा. मग मडक्यात किंवा खोक्यात कोरडी लाल माती आणि आठळ्या असे थर द्या. ओल लागली की कोंब येतो, तेवढं सांभाळा.

---

अर्धी_बाल्कनी | १३ मे, सकाळी ११:३०

एवढं सगळं फ्रीजरमध्ये नाही का ठेवता येत? मी पुण्यात आंब्याचा रस आणि मटारचे दाणे तसेच ठेवते, वर्षभर छान राहतात. गरे बिया काढून पिशवीत भरले की झालं.

---

आगरातली | १३ मे, दुपारी ३:००

@अर्धी_बाल्कनी, पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. जूनच्या पहिल्या वादळात तारेवर माड पडला आणि तीन दिवस वीज नव्हती. चार किलो रस आणि फणसाचे गरे खड्ड्यात पुरावे लागले. तेव्हापासून आमच्या घरात टिकवायचं ते उन्हात नाहीतर मिठात. सासूबाई कच्चे गरे खारात घालतात, चार वाट्या गऱ्यांना एक वाटी जाडं मीठ, चिनी मातीच्या बरणीत, वरून दगड. पावसात धुऊन, रात्रभर पाण्यात ठेवून त्याची भाजी. वादळात पडलेल्या कैऱ्यांचंही तसंच. चांगल्या असतील त्या खारात, फुटलेल्या चिरून मीठ लावून आंबोशीला. ती आंबोशी जुलैमध्ये आमटीत पडली की चिंचेची आठवण होत नाही.

@मातीचे_हात, फार आभार. यांनी कुऱ्हाड शोधायला सुरुवात केली होती, आता झाड राहील.

---

भिरंड | १३ मे, संध्याकाळी ६:२०

फोंड्याहून. तुमचा रातांबा म्हणजे आमचं भिरंड. आमसुलांची पद्धत घरोघरी वेगळी, आमची सांगतो. पूर्ण पिकलेली, जांभळट लाल झालेलीच फळं घ्यायची. फोडून साल वेगळी, गर आणि बिया वेगळ्या. गरात मीठ घालून रात्रभर ठेवला की त्याला भरपूर रस सुटतो. त्या रसात सालं बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. चार-पाच पुटं झाली की साल काळी आणि मऊ होते. एक-दोन पुटांत थांबलं तर ती लाल आणि कडक राहते आणि आंबटपणा कमी पडतो.

भांडं काच, चिनी माती किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियम मुळीच नको, आंबट रस ते खातो. बियाही फेकू नका. वाळवून, कुटून, पाण्यात उकळलं की वर तेल येतं, ते गार झालं की गोळा होतो. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना माझी आई तेच लावायची.

---

तिरफळ | १३ मे, रात्री ९:१०

भिरंड दादा, आम्ही पुटं द्यायच्या आधी पहिला दाट रस आगळासाठी बाजूला काढतो. जास्त मीठ घालून बाटलीत भरला की वर्षभर सोलकढी. दोन्ही हवं असेल तर फळं दुपटीने लागतात, नाहीतर आमसुलं फिकी पडतात.

---

दुधीचा_मांडव | २४ जुलै, दुपारी १२:४५

धागा वर काढतेय. नाशिकजवळ राहते, गच्चीवर दुधीचा वेल आहे, बी गेल्या वर्षीच्या फळातून घरीच धरलं होतं. काल पहिला दुधी चिरला, भाजी शिजवली आणि ती चक्क कडू लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाजूला कारल्याचा वेल आहे ना, त्यामुळे. खरं आहे का? गूळ घालून खपवू का?

---

मातीचे_हात | २४ जुलै, दुपारी १:१०

ताई, ती भाजी आत्ताच टाकून द्या. गूळ नको, चव घेणंही नको.

कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य असतं. त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात, रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. शिजवून ते जात नाही. घरच्या दुधीची, काकडीची, पडवळाची फोड चिरताना जिभेच्या टोकाला लावून बघायची, कडू असेल तर थुंकून चूळ भरायची. कोणी भाजी खाल्ली असेल आणि त्रास वाटत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

कारल्याचा दोष नाही. कारलं आणि दुधी यांचा संकर होतच नाही. दुधीचा संकर दुधीशीच होतो. आसपास कडू जातीचा किंवा रानटी दुधी असेल तर त्याचे परागकण तुमच्या फुलावर येतात. त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, पण त्यातल्या बीपासून पुढच्या वर्षी कडू वेल येऊ शकतो. म्हणून बी धरायचं असेल तर फूल हाताने फळवायचं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. मादी फुलाखाली इवलासा दुधी असतो. दुपारीच नर आणि मादी अशा दोन्ही कळ्यांना दोरा बांधून ठेवायचा, संध्याकाळी नराचा पराग मादीला लावायचा आणि परत बांधून टाकायचं. त्याच फळाचं बी ठेवायचं.

---

दुधीचा_मांडव | २४ जुलै, दुपारी १:४०

मी एकच घास घेऊन थुंकला होता, त्रास काही नाही. भाजी टाकली, वेलही उपटते. नवीन गावरान बी कुठे मिळेल?

---

मातीचे_हात | २४ जुलै, दुपारी २:३०

तुमच्यापासून अकोले तालुका लांब नाही. तिथे कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. भाज्यांचं, कडधान्यांचं, भाताचं असं सगळं घरात, मडक्यांत राख घालून जपलेलं. अशा ठिकाणचं बी घ्या, आणि पुढच्या वर्षी थोडं परत द्या.

---

आगरातली | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१५

श्रावण-भाद्रपदाची वही. आगरात आता तवसं (मोठी गावठी काकडी), पडवळ, शिराळी, भोपळ्याची फुलं, हळदीची पानं आणि अळू, सगळं एकाच वेळी.

भोपळ्याच्या फुलांबद्दल आधी. पहाटे उमलतात ती बघून नर फुलं तोडायची, लांब सरळ देठाची आणि खाली गोळा नसलेली. दर वेलावर दोन-तीन नर ठेवायची, नाहीतर भोपळा धरणार नाही. आतला दांडा काढून, तांदळाच्या पिठात बुडवून भजी. तोडल्यापासून तासाभरात कढईत जायला हवीत.

तवसं कोवळं असताना दाण्याचं कूट घालून कोशिंबीर. मला वेलावर लपून राहिलेली तीन मिळाली, पिवळी, हातभर लांब, जाड सालीची. पुण्यात असते तर फेकली असती. सासूबाई म्हणाल्या, हेच हवं. त्यांनी धोंडस करायला शिकवलं. साल आणि बिया काढून किसायचं. तीन वाट्या किसाला दोन वाट्या तांदळाचा रवा, तुपावर खमंग भाजून. दीड वाटी गूळ, एक वाटी ओलं खोबरं, मीठ, वेलची. सगळं कढईत एकत्र आटवून गोळा झाला की पातेल्यात खाली हळदीचं पान, त्यावर मिश्रण थापायचं. खाली जाड तवा, झाकणावर निखारे, मंद आचेवर पाऊण तास. पानाचा वास घरभर होतो. गरम असताना कापायचं नाही, फुटतं. दुसऱ्या दिवशी तर फारच छान लागतं.

किस पिळायचा की नाही यावरून घरात दोन मतं आहेत. सासूबाई पिळत नाहीत. मला वाटतं फार पाणचट तवसं असेल तर थोडं पिळावं आणि ते पाणी गूळ विरघळवायला वापरावं.

---

भिरंड | २१ ऑगस्ट, सकाळी ९:००

सासूबाईंच्या बाजूने मत. पाणी गेलं की चव गेली, रवा त्याच पाण्यात शिजायला हवा. आमची तवसोळी म्हणजे तुमचं धोंडसच.

आणि हळदीची पानं आहेत तर पातोळ्यो करा, म्हणजे त्या पानात उकडलेल्या तांदळाच्या पिठाच्या गोड पातोळ्या. गोव्यात हिंदू घरांत त्या नागपंचमीला आणि चवथीच्या दिवसांत होतात, आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला. आमच्या शेजारच्या आंटीची आणि माझ्या आईची पानांची देवाणघेवाण दर वर्षी चालायची, कारण हळदीचं पान त्याच महिन्यात मोठं आणि कोवळं असतं.

---

तिरफळ | २१ ऑगस्ट, रात्री ८:५०

आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची. सोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. झाड दारातच, त्या दिवशी फांद्या खाली येतात आणि अख्खी आळी पाला ओरबाडत बसते.

अळूच्या गाठी केल्यात का? पानाची गुंडाळी करून गाठ मारायची, त्यात मेमध्ये मातीत ठेवलेल्या आठळ्या, वरून ठेचलेली तिरफळं आणि खोबऱ्याचं वाटण. अळूत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून पूर्ण शिजवायचं आणि आंबट घालायचंच. आमसूल, चिंच, बिमलं (बिमल्याच्या झाडाची आंबट फळं), काहीही चालेल. चिरताना हाताला खोबरेल.

---

आगरातली | २३ ऑगस्ट, दुपारी १:२०

केल्या. आठळ्या एकूण साठेक ठेवल्या होत्या, सातच कुजल्या. गाठी सासूबाईंनी दोनदा मागून घेतल्या. त्यांच्या माहेरी अशाच करत, असं म्हणाल्या आणि मग बराच वेळ माहेरच्या विहिरीबद्दल, तिथल्या बिमलाच्या झाडाबद्दल बोलत राहिल्या. मी वही घेऊन बसले होते पण त्या वेळी काही लिहिलं नाही, नुसतं ऐकलं.

---

अर्धी_बाल्कनी | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

माझ्याकडे आगर नाही, सहा कुंड्या आणि एक अर्धा ड्रम आहे. अडचण उलटी आहे, कशाचीच एक भाजी होईल इतकं कधी येत नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी फेरी मारून जे असेल ते एकत्र करते. लाल माठाची दहा पानं, चुक्याची चार, पालकाची पाच-सहा, शेवग्याच्या रोपाचा एक डहाळा. डाळ-दाणे घालून पातळ भाजी, किंवा भाजणीत घालून थालीपीठ. चुका असला की वेगळं आंबट लागत नाही. माठ उपटू नका, वरून खुडत राहा, दोन महिने पुरतो.

---

एडिसनकर | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

न्यू जर्सीहून. इथे आमचा हंगाम मे ते ऑक्टोबर एवढाच, एका रात्रीत पहिलं दव गोठतं आणि वेल काळे पडतात. मागच्या अंगणात दुधी, कारली आणि टोमॅटो लावतो. हवामान खात्याचा अंदाज आला की आदल्या संध्याकाळी सगळे हिरवे टोमॅटो उतरवतो. काल दोन बादल्या निघाल्या.

आईची हिरव्या टोमॅटोची चटणी: चिरून तेलावर मऊ करायचे, तीळ, दाणे, मिरची, लसूण वेगळे परतून सगळं वाटायचं, वरून हिंग-मोहरी. इथल्या माझ्या मुलांना लाल टोमॅटोपेक्षा ही चटणी आवडते. ज्यांच्यावर पांढरट झाक आली आहे ते कागदात गुंडाळून खोक्यात ठेवतो, सोबत एक सफरचंद, हळूहळू पिकतात. थँक्सगिव्हिंगपर्यंत पुरतात. कढीपत्त्याची कुंडी मात्र आधीच घरात, खिडकीत.

---

सोलेवांगे | १९ नोव्हेंबर, रात्री ८:००

यवतमाळहून. इथे कोकण आणि गोव्याचंच चाललंय म्हणून विदर्भाचं थोडं. आमच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी असते. पाला उकडून पाणी काढून टाकायचं, मग तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे आणि गूळ घालून घोटायची. वरून लसणाची फोडणी, तेलाला हात आखडायचा नाही. सोबत ज्वारीची भाकरी. आता तिला लाल बोंडं आली आहेत, त्यांची चटणी करतो, आंबटगोड.

महिन्याभरात तुरीच्या शेंगा भरतील. हिरव्या तुरीचे सोले आणि वावरातली काटेरी वांगी, त्यावरूनच मी इथलं नाव घेतलं. शेंग दाबली की दाणा गोल आणि घट्ट लागायला हवा, चपटा असेल तर चार दिवस थांबायचं. आणि सोले काढल्यावर त्याच दिवशी शिजवायचे, शिळे झाले की गोडी जाते.

---

दुधीचा_मांडव | १४ जानेवारी, सकाळी १०:१०

काल भोगी. या वर्षी पहिल्यांदा भोगीच्या भाजीतलं अर्धं घरचं होतं: वांगी, घेवडा, पावटा आणि गाजर गच्चीवरचं. हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, ऊस बाजारातून. तिळाचं कूट घालून, बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीबरोबर. दुधीचं नवीन बी आणलंय, कोरडं करून राखेत ठेवलं आहे. उन्हाळा संपता संपता लावीन, आणि या वेळी फूल हाताने बांधीन.

---

आगरातली | २६ जानेवारी, दुपारी ४:४५

कापा फणसाला खोडालगतच कुयऱ्या लागल्या आहेत. आज दोन तोडल्या, वाटीएवढ्या. विळीला आणि हाताला तेल लावून साल काढली, फोडी उकडून ठेचल्या, मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी, मूठभर भिजवलेले काळे वाटाणे, खोबरं भरपूर. सासूबाईंना दात राहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी जास्त ठेचली. खोडाच्या एका बाजूला पाच-सहा कुयऱ्या फार दाटीने आल्या आहेत. त्यातल्या दोन पुढच्या आठवड्यात काढते, म्हणजे बाकीच्या पोसतील. तिरफळ ताई, रव्यासाठी तांदूळ एप्रिलमध्येच धुऊन वाळवून ठेवते.